पुराच्या पाण्याला जागा कोणाची?

(खंडाळा येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



खंडाळ्यासारख्या पर्जन्यछायेतील तालुक्याच्या गावी सांगलीच्या महापुरावर भाषण व्हावे, याचे काहींना नवल वाटेल. ज्या शिवारात उन्हाळा लागताच विहिरींचे तळ दिसू लागतात, तेथे पुराची चर्चा करणे म्हणजे उपाशी माणसापुढे अजीर्णावरचे औषध मांडण्यासारखे आहे, असा आक्षेपही कोणी घेईल. पण क्षणभर खंबाटकी घाटाचा माथा डोळ्यांपुढे आणावा. त्याच्या दक्षिण अंगाला पडलेला पाऊस वाईकडे कृष्णेला मिळतो आणि कऱ्हाडवरून सांगलीस जातो. उत्तर अंगाला, म्हणजे खंडाळ्याकडे, पडलेला पाऊस नीरेला मिळतो. नीरा नरसिंहपूरला भीमेत शिरते, भीमा पंढरपूरवरून कर्नाटकात उतरते आणि पुढे रायचूरच्या बाजूला पुन्हा कृष्णेलाच येऊन मिळते. एका डोंगराने दुभंगलेले पाणी शेकडो मैलांच्या प्रवासानंतर एकत्र येते. धोम-बलकवडीच्या कालव्याने माणसाने हा जलविभाजक लहान प्रमाणात ओलांडलाही आहे. आता तोच जलविभाजक फार मोठ्या प्रमाणात ओलांडण्याची, म्हणजे कृष्णा खोऱ्यातील पुराचे पाणी बोगद्यांनी भीमा खोऱ्यात नेण्याची भाषा गेली काही वर्षे चालू आहे. सांगली-कोल्हापूरचा पूर टळेल आणि दुष्काळी तालुके हिरवे होतील, असे तिचे दुहेरी आश्वासन आहे. ही योजना ज्यांच्या तहानेच्या नावाने मांडली जात आहे त्यांनीच प्रथम तिचा हिशेब तपासला पाहिजे, आणि त्यासाठी खंडाळ्याहून अधिक योग्य जागा क्वचितच सापडेल.

प्रथम सांगलीत काय घडले ते पाहू. १९२९ साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर गेली की धोका, असे तेथील गणित आहे. २००५ साली ही पातळी ५३ फुटांच्या पुढे गेली. असा पूर आता पन्नास-शंभर वर्षे यायचा नाही, असे पुष्कळांनी मनाशी ठरवून टाकले. चौदा वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले आणि केवळ दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा ५४ फुटांच्या वर चढले. २०१९ साली बाजारपेठ बुडाली, लाखो माणसे घरे सोडून निघाली, आणि ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे सुटकेसाठी निघालेल्या माणसांनी भरलेली नाव उलटून डझनाहून अधिक जीव गेले. त्यांत स्त्रिया होत्या, मुले होती. येरळा जेथे कृष्णेला मिळते ते हे गाव. पूर तेथे नवा नव्हता. नव्हती ती पुरेशी सुरक्षित नाव. महाराष्ट्रात धरणांच्या भिंतींवर हजारो कोटी रुपये खर्च झाले, पण नदीकाठच्या प्रत्येक गावाला एक भक्कम यांत्रिक नाव, तरंगजाकिटे आणि ती चालवणारे दोन शिकलेले हात देण्याची तरतूद कोणत्याही अंदाजपत्रकात अडचणीची ठरली नसती.

पुराचे कारण एकच सांगणारा माणूस बहुधा काही तरी झाकत असतो. ऑगस्ट २०१९ मध्ये घाटमाथ्यावर पाऊस असाधारण झाला, हे खरे. धरणे भरत आली असता तो थांबला नाही, हेही खरे. पण सांगलीची जागाच अशी आहे की तेथे नद्या एकमेकींची वाट अडवतात. कऱ्हाडला कोयना कृष्णेत येते. शहराच्या खालच्या अंगाला, हरिपूरला, वारणा मिळते. वारणेला मोठा पूर असला की कृष्णेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगते. आणखी खाली नृसिंहवाडीला पंचगंगा तोच प्रकार करते. अशा जागी वरून कोयनेचे पाणी केव्हा सोडावे आणि वारणेचे केव्हा, हा काही तासांचा प्रश्न असला तरी त्या तासांवर शहराचे दैव अवलंबून असते.

पुरानंतर राज्य सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिचा अहवाल २०२० साली सादर झाला. अलमट्टी धरणामुळे हा पूर आला नाही, असा निर्वाळा समितीने दिला. सांगलीतील अनेक अभ्यासू नागरिकांना तो पटला नाही. पुढे २०२५ साली राज्य सरकारनेच अलमट्टीची उंची वाढवण्यास सांगली-कोल्हापूरच्या पुराचे कारण देऊन विरोध केला. हा वाद सुटायचा तेव्हा सुटेल, आणि उंची वाढवण्यास विरोध झालाच पाहिजे. मात्र सीमेपलीकडचे एक धरण हे सीमेअलीकडच्या सर्व पापांचे प्रायश्चित्त होऊ शकत नाही. अलमट्टीकडे बोट दाखवणे सत्ताधाऱ्यांना नेहमीच सोयीचे असते, कारण त्या बोटाच्या दिशेने पाहताना शहराच्या नकाशाकडे कोणी पाहत नाही.

तो नकाशा पाहण्यासारखा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पटवर्धनांनी सांगलीस राजधानी केली, तेव्हापासून शहर नदीच्या आश्रयाने वाढले. पुढे हळदीची पेठ वाढली, साखर कारखाना आला, १९९८ साली सांगली-मिरज-कुपवाड अशी एक महानगरपालिका झाली. हमाल, गवंडी, गिरणीतले आणि पेढीवरचे नोकर यांना उंचावरची जागा परवडणारी नव्हती. त्यांनी सखल जमिनीतला गुंठा, दोन गुंठे घेतले. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर ही नावे आज पावसाळ्यात बातम्यांतून वाचावयास मिळतात. शामरावनगरात तर नदी दूर असतानाही पाणी साचते, कारण ते मुळात पाण्याचेच घर होते. २००१ सालच्या कायद्याने गुंठेवारी नियमित करण्याची सोय झाली. गरिबाच्या डोक्यावरचे छप्पर कायदेशीर झाले याचा आनंदच मानावयास हवा. पण कागद नियमित झाला म्हणून जमिनीची पातळी वर येत नाही. त्या सखल जमिनीचे तुकडे पाडून विकणाऱ्यांचे घर मात्र कधी पाण्यात गेले नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

नदीची जागा कोणती हे शासनाला ठाऊक नाही असे नाही. पाटबंधारे खात्याच्या १९८९ सालच्या परिपत्रकाने निळी आणि लाल अशा दोन पूररेषा सांगितल्या. पंचवीस वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या पुराची ती निळी. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, दोन रेषांच्या मध्ये नियंत्रित. त्याआधी १९७५ साली केंद्राने पूरप्रवण क्षेत्राच्या विभागणीचा नमुना कायदा राज्यांकडे पाठवला होता. मणिपूर, राजस्थान आणि उत्तराखंड या राज्यांनी असे कायदे केले. महाराष्ट्राने परिपत्रकावर भागवले. परिपत्रकाचे सामर्थ्य किती, ते नगरविकासाच्या प्रत्येक नव्या आराखड्याच्या वेळी दिसते. रेषा सरकवण्याची मागणी येते, तीत अग्रभागी झोपडीवाला नसतो.

या पार्श्वभूमीवर २०२१ च्या पुरानंतर संरक्षक भिंतींची भाषा सुरू झाली. भिंत ही राज्यकर्त्यांना आवडणारी वस्तू आहे. ती दिसते, तिचे उद्घाटन करता येते, तिचा ठेका देता येतो. पण सांगलीत ती काय करील याचा विचार करावा. शहरातील सांडपाणी आणि पावसाचे पाणी शेरी नाल्यासारख्या नाल्यांनी नदीकडे जाते. नदी फुगली की याच नाल्यांतून तिचे पाणी उलटे शहरात शिरते. भिंत बांधली तर प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी दरवाजा लागेल. दरवाजा मिटला की शहरावर पडणारा पाऊस आतच कोंडेल. तो उपसण्यास पंप लागतील, आणि पंप चालवावयाचे ते ज्या रात्री वीज गेलेली असते त्या रात्री. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. नदीच्या पलीकडे सांगलीवाडी आहे. एका काठाला अडवलेले पाणी दुसऱ्या काठाला चढते आणि वरच्या बाजूला फुगते. मग तेथे भिंत, त्यानंतर पद्माळ्याला, त्यानंतर डिग्रजला. हेच भरावावरून जाणाऱ्या रस्त्यांचे. पूरमैदानाच्या आडवा पाच-दहा फुटी भराव घालून वर डांबर टाकले की तो रस्ता राहत नाही, बांध होतो. शक्तिपीठ महामार्गाला विरोध करणाऱ्या नदीकाठच्या शेतकऱ्यांनी ही भीती बोलून दाखवली, तेव्हा त्यांना विकासविरोधी ठरवण्यात आले. त्यांचे म्हणणे अभियांत्रिकीच्या दृष्टीने अगदी साधे आहे: पाणी जाण्यासाठी मोऱ्या किती आणि केवढ्या, ते आधी सांगा.

तटबंदीने काय होते याचा धडा या देशात उपलब्ध आहे. बिहारमध्ये १९५० च्या दशकाच्या प्रारंभी सुमारे १६० किलोमीटर तटबंध होते. पुढच्या काळात ते तीन हजारांहून अधिक किलोमीटर झाले, आणि पूरप्रवण क्षेत्र २५ लाख हेक्टरांवरून ६८ लाख हेक्टरांवर गेले. कोसीचे तटबंध सुमारे साडेनऊ लाख क्युसेकसाठी बांधलेले. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळातील कुसहा येथे ते फुटले तेव्हा नदीत त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकेही पाणी नव्हते. भिंतीच्या भरवशावर वसलेली वस्ती भिंत फुटल्यावर अधिक वाईट बुडते. समुद्राला पाठ देऊन राहणाऱ्या डच लोकांपेक्षा बांध घालण्यात कोणी अधिक वाकबगार नसेल. १९९५ साली त्यांना नदीच्या पुरापायी सुमारे अडीच लाख माणसे हलवावी लागली, तेव्हा त्यांनी बांध केवळ उंच करीत जाण्याचे सोडून तो जागोजाग मागे घेण्याचे ठरवले. नाइमेखेन शहरासमोर वाल नदीचा बांध सुमारे ३५० मीटर मागे सरकवला, नदीला दुसरे पात्र खोदून दिले. त्यासाठी सुमारे पन्नास घरे हलवावी लागली. ती हलवण्यापूर्वी त्या घरांतील माणसांशी वर्षानुवर्षे बोलणी झाली. सांगलीला हॉलंड करता येणार नाही हे उघड आहे. तेवढा पैसा नाही आणि तेवढी मोकळी जमीनही नाही. घ्यायचा तो एवढाच हिशेब: पाणी नाहीसे करता येत नाही. ते कोठे ठेवायचे, एवढेच ठरवता येते.

मग ते धरणांत ठेवता येईल काय? हा प्रश्न खंडाळ्याशी थेट भिडतो. एक लाख क्युसेक वेगाने दिवसभर वाहणारे पाणी म्हणजे ८.६४ अब्ज घनफूट, अर्थात साडेआठ टीएमसीहून थोडे अधिक. धोम धरणाची सारी साठवण सुमारे १३.५ टीएमसी, म्हणजे अशा पुराचा दीड दिवस. कोयनेची १०५ टीएमसी, म्हणजे बारा दिवस. कोयनेत ऑगस्टच्या आरंभी वीस टीएमसी जागा मोकळी ठेवली असती, तर एक लाख क्युसेकचा लोंढा दोन दिवसांहून अधिक काळ पोटात घेता आला असता. त्याने महापूर टळला असता असे छातीवर हात ठेवून कोणी म्हणू नये. पण वारणेचा पूर ओसरेपर्यंतचे दोन दिवस मिळणे ही सांगलीत फार मोठी गोष्ट आहे. अडचण अशी की ही धरणे वीज आणि शेती यांसाठी बांधली गेली. पूर सामावणे हे त्यांचे काम कधी मानलेच गेले नाही. जागा मोकळी ठेवली आणि पुढे पाऊस दगा देऊन गेला, तर कमी पडलेल्या पाण्याचा पहिला फटका कालव्याच्या शेपटाला बसतो. शेपटाला कोण असतात हे खंडाळा, फलटण, माण, आटपाडीच्या माणसांना शिकवावे लागत नाही. म्हणजे मोकळी जागा ठेवली तर धोका शेपटाकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा, आणि न ठेवली तर काठावरच्या झोपडपट्टीचा. हा निर्णय आज जलाशय परिचालनाच्या सूचीच्या नावाखाली काही अधिकारी बंद खोलीत घेतात. त्या अधिकाऱ्यांच्या बुद्धीविषयी शंका नाही. पण एका गरिबाचा धोका दुसऱ्या गरिबाच्या गळ्यात घालण्याचा निर्णय तांत्रिक कसा असू शकेल? सूची दर वर्षी मे महिन्यात तालुक्याच्या ठिकाणी जाहीर वाचली जावी, आणि पुरासाठी जागा ठेवल्यामुळे धरण भरले नाही तर लाभक्षेत्राला भरपाई मिळेल, असे आधीच कायद्याने ठरलेले असावे. नदीकाठच्या उसाच्या रानात मुद्दाम पाणी पसरू द्यायचे ठरले, तर त्या शेतकऱ्यालाही पाणी ठेवल्याचे भाडे मिळावे. मदत नव्हे, भाडे.

मदत कशी दिली जाते ते २०१९ साली सर्वांनी पाहिले. घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात असेल तरच मोफत धान्य, अशी अट शासननिर्णयात होती. दीड दिवस पाण्यात राहिलेल्या चुलीला भूक लागत नाही, असा तिचा अर्थ. भाडेकरू आणि शेतमजूर तर पंचनाम्याच्या कागदावर फारसे उमटतच नाहीत.

आता बोगद्यांच्या योजनेकडे येऊ. कुंभी-कासारीपासून वारणा, कृष्णा, नीरा या नद्या जोडत उजनीपर्यंत जाणारी कृष्णा-भीमा स्थिरीकरणाची कल्पना वीस वर्षांहून जुनी आहे. २०१९ नंतर तिला पूरनियंत्रणाचा नवा पोशाख मिळाला आणि जागतिक बँकेच्या कर्जाची भाषा आली. दुष्काळी तालुक्यांना पाणी मिळाले पाहिजे, याविषयी समाजवादी कार्यकर्त्याच्या मनात किंतु असण्याचे कारण नाही. आटपाडीच्या पाणी परिषदांतून हीच मागणी वर्षानुवर्षे झाली आणि ती न्याय्य आहे. पण तहान भागवणे आणि पूर टाळणे ही दोन कामे एका बोगद्याकडून होतील काय? समजा, दहा हजार क्युसेक वाहून नेणारा, म्हणजे एरवीच्या कालव्यांच्या मानाने प्रचंड, बोगदा खणला. तो दिवसाला पाऊण टीएमसीहून थोडे अधिक पाणी नेईल. पूर लाखांच्या घरातला असतो. दहा हजारांनी सांगलीच्या पातळीत कितीसा फरक पडणार? पूर चार-पाच दिवसांचा असतो. उरलेल्या दिवसांत तो बोगदा काय करणार, त्याची वीज कोण भरणार? ताकारी, म्हैसाळ, टेंभूच्या पंपांची बिले थकली की काय होते, हे तेथील शेतकरी सांगू शकतात.

याहूनही मोठा प्रश्न पलीकडच्या टोकाचा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली बुडत होती, त्याच दिवसांत पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटातील मंदिरे पाण्यात होती. उजनीचे पाणी भीमेतून आणि वीर धरणाचे नीरेतून एकाच वेळी आले की पंढरपूरला पूर येतो. तेथे सर्वांत आधी व्यासनारायण झोपडपट्टी रिकामी करावी लागते. सह्याद्रीवर मोठा पाऊस झाला की तो कोयनेवर पडतो आणि भाटघरवर पडत नाही, असे होत नाही. ज्या दिवशी कृष्णेला पूर, त्या दिवशी बहुधा नीराही भरलेली. त्या दिवशी कृष्णेचे पाणी नीरेत ओतणे म्हणजे सूर्यवंशी प्लॉटातील पाणी व्यासनारायण झोपडपट्टीत पाठवणे. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला आलेल्या पुराने माढा, मोहोळच्या गावांत काय केले, हे ताजे आहे. दुष्काळी म्हणवणाऱ्या खोऱ्यातही पाण्याला नेहमी जागा असतेच असे नाही. कोणी म्हणतात, कोयनेचे पाणी वीजगृहांतून पश्चिमेला सोडा. त्यांनी २२ जुलै २०२१ रोजी बुडालेले चिपळूण आठवावे.

यावर, मग करायचे तरी काय, असे विचारले जाते. सावित्रीबाईंचे नायगाव याच तालुक्यात आहे. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सुचवले होते की पलटणीतील आणि पोलिसांतील शिपाई लावून डोंगर-टेकड्यांवर ताली-बंधारे घालावेत, म्हणजे पाणी व माती शेतातच मुरेल. तालींनी २०१९ सारखा पूर अडत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण खंडाळ्याची तहान भागवण्यासाठी सांगलीच्या पुराची वाट पाहण्याची गरज नाही, एवढे मात्र त्यातून कळते. येरळेवर बलवडी आणि तांदूळवाडीच्या शेतकऱ्यांनी ऐंशीच्या दशकात नदीतील वाळू ठेकेदाराच्या घशातून काढून घेतली, ती विकून बळीराजा धरणासाठी पैसा उभा केला, आणि त्या पाण्यात भूमिहीनांचाही वाटा धरला. हीच येरळा पुढे ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. नियोजन म्हणजे काय ते तेथे शिकावे.

तूर्त कार्यकर्त्यांच्या हाती देण्यासारखी कामे आहेत. सांगलीच्या साथींनी लाल रेषेचा नकाशा महानगरपालिकेकडून मिळवावा आणि ती रेषा प्रत्येक प्रभागात चुन्याने नव्हे, दगडाने आखून घ्यावी. रेषेच्या आतील कुटुंबांना शहरातच, कामाच्या ठिकाणापासून चालत जाण्याच्या अंतरावर जागा मिळावी, ही मागणी त्यासोबतच करावी, अन्यथा रेषा म्हणजे गरिबांना हुसकावण्याचे दुसरे निमित्त ठरेल. खंडाळा-शिरवळच्या साथींनी वीर धरणाच्या परिचालनाची सूची आणि पूरवळण योजनेचा सविस्तर प्रकल्प अहवाल मागावा. त्यात तीन गोष्टी शोधाव्यात: पुराच्या दिवशी किती क्युसेक वळणार, त्याच दिवशी नीरेत आणि भीमेत किती पाणी गृहीत धरले आहे, आणि वळवलेल्या पाण्यापैकी किती खंडाळा तालुक्याच्या नावे लेखी राखून ठेवले आहे. पंढरपूरच्या साथींना ते आकडे कळवावेत. माहितीच्या अधिकाराखाली उत्तर देण्यास तीस दिवसांची मुदत असते, आणि उत्तर अपुरे आले तर अपिलात आणखी महिना जातो. अर्ज मार्चमध्ये गेले, तर जूनच्या पहिल्या पावसाआधी कागद हाती येतील.